किडनीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. बाईमाणसाला पुढे धोका खरंच कमी असतो का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हाला कळेल.

आईचं वय ५८. पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली आणि ध्यानीमनी नसताना उजव्या किडनीत साडेसहा सेंटिमीटरची गाठ दिसली. चार महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून ती किडनी पूर्ण काढली. रिपोर्ट आला क्लिअर सेल कार्सिनोमा (किडनीच्या कॅन्सरची सर्वांत नेहमीची जात), ग्रेड २ (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा चारपैकी आकडा), पीटी१बी (गाठ किडनीपुरतीच, चार ते सात सेंटिमीटरची), नेक्रोसिस, म्हणजे गाठीत मेलेल्या पेशींचा भाग, नाही. तीन वर्षांपूर्वी तुमच्या सख्ख्या मामांचं हेच ऑपरेशन झालं होतं. त्यांची गाठ नऊ सेंटिमीटरची, ग्रेड ३, नेक्रोसिस असलेली आणि किडनीच्या शिरेत शिरलेली. दोन वर्षांच्या आत आजार फुप्फुसात गेला. आता नात्यातल्या कुणी तुम्हाला धीर दिला की हा कॅन्सर पुरुषांना जास्त छळतो, बायकांचं ऑपरेशननंतर चांगलं चालतं. तुमचा प्रश्न असा, की हे खरं असेल तर सहा महिन्यांचा सीटी स्कॅन पुढे ढकलला तर चालेल का? किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.३ आहे, लॅबच्या कागदावर नॉर्मल आहे, मग सीटीसाठी शिरेतून देतात त्या डायचा भार एकाच किडनीवर उगीच कशाला?

नातेवाइकांनी सांगितलेलं खोटं नाही. पण तुमच्या आईचा निर्णय त्यावर घेता येत नाही. आणि जो आकडा नॉर्मल म्हणून तुम्ही बाजूला ठेवलात, नेमकं तिथेच आई बाई असण्याला महत्त्व आहे. गेली सत्तावीस वर्षं मी मूत्ररोगाची, त्यातही बरीचशी किडनी आणि मूत्राशयाच्या कॅन्सरची ऑपरेशनं करतोय. त्या अनुभवातून जरा सविस्तर लिहितो. मात्र मी आईला तपासलेलं नाही, स्कॅन पाहिलेले नाहीत. शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा.

आधी जे खरं आहे ते. हा कॅन्सर पुरुषांमध्ये स्पष्टपणे जास्त. २०२० मध्ये जगभरात सुमारे ४ लाख ३१ हजार नवे रुग्ण नोंदले गेले, त्यांत पुरुष २ लाख ७१ हजारांच्या आसपास आणि स्त्रिया १ लाख ६० हजार. विडीसिगारेट, लठ्ठपणा आणि ब्लडप्रेशर ही ओळखीची कारणं. आपल्या देशात २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात १९ टक्के पुरुष धूम्रपान करणारे निघाले आणि स्त्रिया २ टक्के, त्यामुळे सगळं खापर विडीवर फोडायचा मोह होतो. पण जिथे बायकाही भरपूर सिगारेट ओढतात त्या देशांतसुद्धा हा फरक उरतोच. म्हणजे विडीच्या पलीकडेही काहीतरी आहे. त्याकडे नंतर येतो.

दुसरं खरं असं, की अमेरिकेतल्या कॅन्सर नोंदी घ्या किंवा युरोपातल्या अनेक रुग्णालयांची एकत्र केलेली माहिती, ऑपरेशन झालेल्या स्त्रिया सरासरीने पुरुषांपेक्षा थोड्या जास्त जगतात. पण या वाक्यातला 'सरासरीने' हा शब्द सोडून चालत नाही. या सरासरीत तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच पातेल्यात शिजलेल्या असतात.

पहिली गोष्ट, बायका मुळातच जास्त जगतात. भारतात २०१६-२० च्या आकडेवारीत जन्मावेळचं अपेक्षित आयुर्मान पुरुषांचं ६८.६ वर्षं आणि स्त्रियांचं ७१.४. किडनीचं ऑपरेशन झालेला पुरुष पुढे हार्ट अटॅकने गेला तरी 'एकूण जगण्या'च्या आलेखात तो पुरुषांच्याच बाजूला मोजला जातो. म्हणून असं काही वाचताना पहिला प्रश्न विचारायचा: मृत्यू कशाने झालेले मोजलेत, कॅन्सरने की कशानेही? नुसत्या कॅन्सरने झालेले मृत्यू मोजले की दोघांमधलं अंतर बऱ्यापैकी आखडतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बायकांच्या गाठी ऑपरेशनच्या वेळी सरासरीने लहान असतात, स्टेज खालची असते, ग्रेडही सौम्य. याचं एक कारण तुमच्या आईच्याच गोष्टीत आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या कितीतरी गाठी अशाच सापडलेल्या असतात: पित्ताचे खडे, पाळीच्या तक्रारी, गर्भाशयाच्या गाठी, काहीतरी निमित्ताने सोनोग्राफी झाली आणि किडनीवर डाग दिसला. गडी माणूस मात्र पोट दुखलं तरी आठ दिवस ओवा खाऊन काढतो आणि लघवीतून लाल रक्त आल्यावर घाबरून येतो. पुस्तकात लिहिलेली त्रयी, म्हणजे लघवीतून रक्त, कुशीत दुखणं आणि हाताला लागणारी गाठ, तिन्ही एकत्र आता दहातल्या एकालाही नसतात. पण ज्यांना असतात ते बहुतेक उशिरा आलेले असतात. पुरुषांत अजून एक खूण आहे, ती ओघात सांगून टाकतो: चाळिशीनंतर अचानक डाव्या वृषणाभोवतीच्या शिरा फुगल्या आणि आडवं पडूनही त्या बसल्या नाहीत, तर हायड्रोसील-व्हेरिकोसीलचं ऑपरेशन ठरवण्याआधी डाव्या किडनीची सोनोग्राफी करावी. डाव्या वृषणाची शीर डाव्या किडनीच्या शिरेत उघडते. तिथे गाठीने तोंड बंद केलं की खाली रक्त तुंबतं.

इथे एक उलटी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर बायकांचं सगळं लवकर सापडतं असा समज होईल. ज्या बाईला लक्षणं असतात तिचं निदान पुष्कळदा लांबतं. लघवीत रक्त दिसलं की 'इन्फेक्शन झालंय' म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स, महिन्याने परत तेच, की परत कोर्स. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की किडनीचा कॅन्सर निघालेल्या स्त्रियांना तज्ज्ञाकडे पाठवण्याआधी तीन किंवा जास्त फेऱ्या मारायला लागण्याची शक्यता पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट होती. आमच्याकडे काही वेगळं चित्र नाही. एका शिक्षिकेला सात महिन्यांत चार कोर्स दिलेले मी पाहिलेत, आणि एकदाही कुणी सोनोग्राफी सांगितली नव्हती. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू नाहीत आणि रक्त मात्र आहे, तर ते साधं इन्फेक्शन म्हणून सोडून देऊ नये. वाचणाऱ्या बायकांनी बाकी काही नाही तरी एवढं लक्षात ठेवावं.

तिसरी गोष्ट गाठीच्या जातीची. किडनीत वाढणारी प्रत्येक गाठ कॅन्सर नसते आणि प्रत्येक कॅन्सर एकाच स्वभावाचा नसतो. सत्तर-ऐंशी टक्के कॅन्सर क्लिअर सेल, आईसारखे. पॅपिलरी जातीचे पुरुषांत ठळकपणे जास्त. क्रोमोफोब नावाची तुलनेने शांत जात दोघांत साधारण सारखी. आणि चरबी, स्नायू, रक्तवाहिन्यांची मिळून झालेली अँजिओमायोलायपोमा ही साधी गाठ बायकांत कितीतरी जास्त. चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी ऑपरेशन करून काढल्या तर साधारण पाचातली एक कॅन्सर निघतच नाही, आणि हे प्रमाण बायकांत पुरुषांपेक्षा जास्त असतं. म्हणून लहान गाठ असलेल्या बाईला मी सुरी उचलण्याआधी सुईची बायॉप्सी करायची का, हे जरा जास्त वेळ घेऊन समजावतो. आईची गाठ साडेसहाची होती, तिथे हा प्रश्न फारसा उरत नव्हता.

आता थोडं आतल्या यंत्रणेबद्दल, कारण 'हार्मोनमुळे असेल' असं लोक सहज म्हणून टाकतात. १९४० च्या दशकात संशोधकांनी नर सीरियन हॅमस्टरना, म्हणजे उंदरासारख्या त्या गुबगुबीत प्राण्यांना, दीर्घकाळ इस्ट्रोजेन दिलं तर त्यांच्या किडनीत गाठी झाल्या. त्यावरून वाटलं की उलट्या दिशेचं हार्मोन दिलं तर माणसाचा किडनीचा कॅन्सर आटोक्यात येईल. म्हणून १९६० च्या दशकापासून पसरलेल्या आजारात मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन, दिलं जाऊ लागलं. फायदा नगण्य निघाला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत तर हेच औषध तुलनेसाठीच्या गटाला दिलं होतं, आणि समोरच्या इंटरफेरॉनने, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधाने, त्याला मागे टाकलं. माणसात स्त्री-हार्मोन गाठ वाढवतं असं दिसलं नाही. काही अभ्यासांत बायकांना मिळणारा फायदा पाळी चालू असलेल्या वयात जास्त आणि नंतर ओसरलेला दिसतो. तोही खरा धरला तरी तुमची आई ५८ वर्षांची आहे, तिच्या खात्यात तो जमा करता येणार नाही. आणि कुणी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्याच तर या आजारासाठी घेऊ नयेत.

हार्मोनपेक्षा मला गुणसूत्रांची गोष्ट जास्त पटते. पेशीला लगाम घालणारी काही जनुकं एक्स गुणसूत्रावर बसलेली असतात. क्लिअर सेल कॅन्सरमध्ये बिघडणारं केडीएम५सी हे त्यातलंच एक. बाईकडे एक्सच्या दोन प्रती. त्यातली एक बहुतांशी झोपवलेली असते, पण हे जनुक त्या झोपलेल्या प्रतीवरही जागं राहतं. म्हणजे एक प्रत बिघडली तरी दुसरी काम करते. पुरुषाकडे एकच प्रत, ती गेली की लगाम सुटला. या जनुकाचे बिघाड पुरुषांच्या गाठींत जास्त सापडतात, ते त्यामुळेच असावेत. पण लगेच खूश होऊ नका. बीएपी१ नावाच्या दुसऱ्या जनुकाचा बिघाड बायकांच्या गाठींत जास्त आढळला आणि तो असलेल्या बायकांचं पुढे वाईट झालेलं दिसलं. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं असा प्रकार आहे.

आता ऑपरेशन टेबलावरचा फरक. पुरुषांच्या किडनीभोवतीची चरबी पुष्कळदा इतकी चिकट असते की किडनीच्या आवरणापासून ती सोडवताना तास जातो. बाहेरून जाड दिसणाऱ्या बाईच्या पोटात मात्र चरबी बहुतेक वेळा सहज सुटते. त्यामुळे फक्त गाठ काढून किडनी वाचवण्याचं ऑपरेशन तांत्रिकदृष्ट्या बायकांत उलट सोपं जायला हवं. तरीही अमेरिकेतल्या नोंदींत दिसतं की लहान गाठींसाठीसुद्धा बायकांची अख्खी किडनी काढली जाण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. का, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही. आपल्याकडे रक्ताचाही मुद्दा येतो: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, पुरुषांत तो २५ टक्के. साडेनऊ हिमोग्लोबिनवर टेबलावर आलेल्या बाईला तेवढाच रक्तस्राव जास्त जड जातो, आणि सर्जनचा हात आखडता होतो. आईची किडनी अर्धी वाचवता आली असती का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही आणि मीही उकरत नाही. साडेसहा सेंटिमीटर, त्यात गाठ मधोमध असेल, तर पूर्ण काढणं हा चुकीचा निर्णय म्हणता येत नाही.

तर आतापर्यंतचा हिशेब असा: बायकांच्या बाजूने जो फायदा दिसतो, त्यातला मोठा भाग ऑपरेशनच्या आधीच घडून गेलेला असतो. गाठ कोणत्या जातीची, किती मोठी असताना सापडली, ग्रेड काय. आणि हे सगळं पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये उतरलेलं असतं. एकदा रिपोर्ट हातात आला की 'शिवाय रुग्ण बाई आहे' म्हणून वेगळे मार्क देण्यासारखं फार थोडं उरतं. काही अभ्यासांत थोडं उरतं, काहींत काहीच उरत नाही.

हे नुसतं माझं मत नाही. क्लिअर सेलच्या ऑपरेशननंतर आजार परत येण्याचा अंदाज बांधायला आम्ही जी गुणपद्धत वापरतो ती मेयो क्लिनिकच्या लीबोविच आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १,६७१ रुग्णांवरून बसवली. तिच्यात पाच गोष्टी मोजतात: टी-स्टेज, लसिका ग्रंथी, गाठ १० सेंटिमीटर किंवा मोठी आहे का, ग्रेड, आणि नेक्रोसिस. स्त्री की पुरुष, हा रकानाच नाही. तुमच्याच घरातली दोन माणसं त्यात बसवून बघू. आई: पीटी१बीचे २, ग्रेड २ चा शून्य, नेक्रोसिस नाही, ग्रंथींत काही नसल्याचं गृहीत धरतो, एकूण २. मामा: शिरेत शिरलेली म्हणजे पीटी३, तिचे ४, ग्रेड ३ चा १, नेक्रोसिसचा १, एकूण ६. दोनपर्यंत कमी धोका, तीन ते पाच मध्यम, सहापासून पुढे जास्त. त्या मूळ अभ्यासात कमी धोक्याच्या गटातले ९७ टक्के रुग्ण पाच वर्षांनी आजार न पसरता होते, आणि जास्त धोक्याच्या गटातले ३१ टक्के.

आई मामांपेक्षा सुस्थितीत आहे ती बहीण आहे म्हणून नव्हे, तिची गाठ २ गुणांवर सापडली म्हणून. उद्या एखाद्या बाईचा रिपोर्ट ६ गुणांचा आला तर तिला मी बाई म्हणून सूट देणार नाही. आणि २ गुणांच्या पुरुषाला उगाच घाबरवणारही नाही. ऑपरेशननंतर देण्याच्या इम्युनोथेरपीचंही, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागी करणाऱ्या औषधाचंही, तसंच. पेम्ब्रोलिझुमॅब दर तीन आठवड्यांनी, वर्षभरात १७ डोस. मोठ्या चाचणीत चार वर्षांनी हे औषध घेतलेले ९१ टक्के रुग्ण हयात होते, न घेतलेले ८६ टक्के. ते कुणाला द्यायचं हे स्टेज आणि ग्रेडवर ठरतं. आईला त्याची गरज नाही, तेव्हा खर्चाच्या धसक्याने ते विचारलं नसेल तर मनातून काढून टाका.

मग स्कॅनचं काय? दोन गुण म्हणजे शून्य नव्हे. शंभरातल्या तिघांचं तरी पाच वर्षांत पसरलंच होतं, आणि हा असा आजार आहे की दहा वर्षांनंतरही फुप्फुसात किंवा हाडात डोकं वर काढलेलं मी पाहिलंय. कमी धोक्याच्या रुग्णाला आम्ही साधारण पहिल्या वर्षात एक-दोनदा, मग पाच वर्षांपर्यंत वर्षातून एकदा, पुढे अंतर वाढवत तपासतो. सर्जननी सांगितलेला सहा महिन्यांचा स्कॅन म्हणजे पुढच्या सगळ्या स्कॅनची तुलना ज्याच्याशी करायची तो पाया. ऑपरेशनच्या जागेवरची सूज ओसरलेली असते, दुसरी किडनी कशी सावरली ते दिसतं. दोन-तीन आठवडे इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही. पण 'बाईला धोका कमी' म्हणून वर्षभर ढकलू नका.

खरं सांगायचं तर बायकांचे फॉलोअप चुकण्याचं कारण हे वाक्य नसतंच. माझ्या ओपीडीत पुरुष रुग्ण येतो तेव्हा बरोबर बायको, मुलगा, फाइल, सगळं असतं. बाई रुग्ण सहा महिन्यांऐवजी चौदा महिन्यांनी येते. सुनेचं बाळंतपण होतं, मग पेरण्या आल्या, मग दिवाळी. किडनी दान करायची वेळ येते तेव्हा देशभरात जिवंत दात्यांत बायकाच जास्त, आणि स्वतःच्या एका उरलेल्या किडनीच्या तपासणीला मात्र यांना सवड नसते. तुम्ही तारीख लक्षात ठेवून विचारताय, म्हणजे आईच्या बाबतीत हा धोका कमी आहे.

आता त्या १.३ कडे. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

क्रिएटिनिन हा स्नायूंतून रोज सुटणारा कचरा आहे. ज्याचे स्नायू जास्त त्याचा कचरा जास्त. बहुतेक बायकांचे स्नायू पुरुषांपेक्षा कमी, त्यामुळे त्यांच्या रक्तात तेवढंच क्रिएटिनिन साठायला किडनी पुष्कळच जास्त मंदावलेली असावी लागते. सध्या वापरात असलेल्या २०२१ च्या सीकेडी-एपीआय सूत्रात घालून बघा: ५८ वर्षांचा पुरुष, क्रिएटिनिन १.३, गाळण्याची क्षमता म्हणजे ईजीएफआर येतो ६४ च्या आसपास. ५८ वर्षांची बाई, तेच १.३, ईजीएफआर ४८. साठच्या खाली तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिलं की त्याला आम्ही दीर्घकालीन किडनी आजार म्हणतो. लॅबने दोघांसाठी एकच 'नॉर्मल' पट्टा छापला असेल तर पुरुषाचा कागद आणि बाईचा कागद सारखाच दिसतो, आणि आत फरक केवढा!

ही चूक मी स्वतः केलेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंची डावी किडनी काढली होती. वजन पंचेचाळीस किलो, शेतात राबणाऱ्या. दर वेळी क्रिएटिनिन १.२, १.३, आणि मी दर वेळी फाइलवर 'रीनल फंक्शन नॉर्मल' लिहीत गेलो. मान माझी कॅन्सर परत येतोय का तिकडेच वळलेली. त्यांच्या गुडघेदुखीबद्दल मी कधी विचारलंही नाही. गावातल्या मेडिकलवाल्याकडून त्या रोज दोन डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेत होत्या. चौथ्या वर्षी आल्या तेव्हा क्रिएटिनिन २.८ होतं. कॅन्सर कुठेच नव्हता. तेव्हापासून प्रत्येक बाईच्या फाइलवर मी ईजीएफआर स्वतः काढून लिहितो, आणि गुडघ्यांची चौकशी कॅन्सरच्या आधी करतो.

म्हणून आईसाठी आजपासून करायच्या गोष्टी. गुडघे, कंबर, डोकं, काहीही दुखलं तरी डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांपैकी काही स्वतःहून घ्यायचं नाही. प्रमाणात पॅरासिटामॉल चालतं. भस्मं, अनोळखी काढे, 'किडनी साफ करणारी' चूर्णं बंद. घरात मशेरी असेल तर तीही सोडवा. ब्लडप्रेशर घरी मोजून वहीत लिहा; साखर असेल तर तिच्यावर लक्ष. आणि लघवीतलं प्रथिन, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, ही साधी स्वस्त तपासणी एकदा करून घ्या. क्षमता कमी आणि वर प्रथिनही जातंय, तर किडनीच्या फिजिशियनला आत्ताच दाखवायचं, क्रिएटिनिन दोनवर जायची वाट बघायची नाही. ऑपरेशननंतर राहिलेली किडनी काही महिने हळूहळू जास्त काम उचलते, त्यामुळे आजचा ४८ हाच कायमचा आकडा असं समजू नका. तो थोडा वरही जाऊ शकतो.

सीटीच्या डायची भीती मात्र इथे अनाठायी आहे. खरी काळजी क्षमता ३० च्या खाली असेल तर घेतात. ४८ ला स्कॅन करता येतो. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी पाणी नीट प्यायचं, क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट बरोबर न्यायचा, मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) चालू असेल तर आधी सांगायचं, आणि रेडिओलॉजिस्टला स्पष्ट शब्दांत सांगायचं की एकच किडनी आहे.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्याच मजकुरात आहे. आई आणि सख्खे मामा, दोघांना किडनीचा कॅन्सर. स्त्री-पुरुष फरकाच्या नादात हे बाजूला पडलंय. एकाच घरात वाढलेल्या दोन भावंडांना पन्नाशी-साठीत हा आजार होणं नुसत्या योगायोगानेही घडतं, तेव्हा घाबरू नका. पण काही आनुवंशिक प्रकार असतात. व्हीएचएल नावाच्या जनुकाचा दोष तिसऱ्या गुणसूत्रावर असतो, त्यामुळे तो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. तो बहुधा चाळिशीच्या आसपासच, दोन्ही किडन्यांत, अनेक गाठींनी दिसतो. डोळ्याच्या पडद्यात, मेंदूत, स्वादुपिंडात खुणा असतात. दुसरा एक प्रकार आहे ज्यात घरातल्या बायकांना विशी-तिशीतच गर्भाशयात मोठाल्या गाठी होतात आणि किडनीचा आजार आक्रमक, बहुधा पॅपिलरी धर्तीचा असतो. आईचा रिपोर्ट क्लिअर सेलचा असल्याने हा प्रकार मागे पडतो. मामांच्या गाठीची जात मात्र तुम्ही लिहिलेली नाही. वर त्यांचे गुण मोजताना मी ती क्लिअर सेल धरून चाललो.

तेव्हा मामांच्या घरून त्यांचा मूळ पॅथॉलॉजी रिपोर्ट मागवून घ्या. आजीआजोबा, मावश्या, इतर मामा यांच्यात कुणाला किडनीची गाठ, पन्नाशीच्या आत ऑपरेशन, अचानक दृष्टी जाणं, मेंदूतली गाठ असं काही होतं का, तेही विचारा. त्यातलं काही निघालं, किंवा मामांचा रिपोर्ट वेगळ्याच जातीचा निघाला, तर जेनेटिक समुपदेशकाला दाखवण्यात अर्थ आहे. काहीच निघालं नाही तरी तुम्ही आणि तुमच्या भावाने एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या, आणि इथे भाऊ आधी की तुम्ही आधी असला प्रश्न नको. रिपोर्टवर 'हिस्टॉलॉजिकल टाइप' अशी ओळ असते, तीच बघायची. ती मिळाली की इथेच लिहा, मी बघतो.